केळीच्या वाट्या

तळोद्याच्या बाजारात जेठमल शेठ कायम खाली मान घालून चालायचे. नव्या माणसाला वाटायचं, शेठचं काहीतरी हरवलंय. जुन्यांना माहीत होतं की शेठ मुंग्या बघतायत. मुंग्यांची रांग आडवी आली की ते थांबायचे, पायजम्याची कड उचलायचे आणि लांब ढांग टाकून पलीकडे जायचे. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून कावला तरी त्यांना फरक पडायचा नाही. घरी पाणी दोनदा गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणार, बसायच्या आधी गादीवरून लोकरीची पुंजणी फिरवणार. पुंजणी म्हणजे मऊसूत लहानसा झाडू. चुकून एखादा जीव खाली बसला असेल तर तो दुखावू नये, अलगद बाजूला व्हावा, एवढ्यासाठी.

आणि हा माणूस विकायचा काय, तर प्लास्टिक. बादल्या, घमेली, दोऱ्या, ठिबकच्या नळ्या, रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या. पावसाच्या तोंडी धडगावकडच्या जीपा भरायच्या आणि टपावर शेठच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या निळ्या कागदाच्या गुंडाळ्या असायच्या. डोंगरातल्या अर्ध्या छपरांवर तोच कागद. गिऱ्हाइकाला माल द्यायचा तो दुकानाच्याच पिशवीत, पिशवीवर पिवळ्या अक्षरांत ‘शीतल प्लास्टिक’. मुंगीला जपणारा माणूस पिशव्या वाटतो यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. शेठना तर मुळीच नाही. प्लास्टिकात जीव नसतो, किडा लागत नाही, धान्याच्या धंद्यासारखं त्यात काही मरत नाही. उलट आपल्या बापानं कडधान्य सोडून हा धंदा धरला, हे त्यांना पुण्याचंच काम वाटायचं.

हे सगळं एका गाईनं मोडलं.

गावाबाहेर पांजरापोळ होती, भाकड आणि जखमी गुरांची. शेठ तिच्या पंचांत होते आणि रोज सकाळी तिथे चारा घालायला जायचे. एक तांबडी गाय पोट टम्म फुगून पडली आणि दोन दिवसांत गेली. बाकीचे पंच म्हणाले, म्हातारी होती, पुरून टाका. शेठ ऐकेनात. चारा मी घातलाय, चाऱ्यातून काही गेलं असेल तर बाकीची गुरंही जातील, कारण कळलंच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. पशुवैद्यानं पोट उघडलं. आतून घमेली भरभरून पिशव्या निघाल्या, एकमेकींत पिळल्या गेलेल्या, चाऱ्याच्या चोथ्यानं माखलेल्या. डॉक्टरनं त्यातली एक नळाखाली धरली. पिवळी अक्षरं जशीच्या तशी होती. एक कानाही पुसला नव्हता.

शेठ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जैन स्थानकात जाऊन त्यांनी साधू महाराजसाहेबांसमोर नियम घेतला: आजपासून पिशवी विकणार नाही, कागद विकणार नाही. मुलगा अरिहंत, ज्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं आणि ज्याला त्याच दुकानावर संसार काढायचा होता, तो तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. बादल्या-घमेल्यांवर दुकान कसंबसं चालू राहिलं. आधीच आणून ठेवलेल्या पिशव्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र कोणालाच सुटेना. फेकाव्या तर कुठेतरी गाय खाणार. जाळाव्या तर धुरात चिलटं मरणार. शेवटी शेठनी त्या दुकानामागच्या खोलीत रचल्या, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. जगात जो फेकायला कुठेच जागा नाही असा माल आपण आयुष्यभर विकला, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या वर्षी दिवाळीत पुतणी रिद्धी घरी आली. ती सुरतेला पॉलिमरचं शिकली होती आणि बडोद्याच्या एका कंपनीत लागणार होती. काकाची अवस्था बघून तिनंच डोकं चालवलं. तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यात केळीचा घड उतरला की खोड बांधावर सडत पडतं. त्या खोडाचा धागा काढायचा, बारीक कातरायचा, मक्याच्या स्टार्चच्या खळीत मळायचा आणि तापलेल्या साच्यात दाबायचा. वाटी तयार. पपईचं रोप काळ्या पिशवीऐवजी त्या वाटीत वाढवायचं आणि वाटीसकट शेतात लावायचं. मुळं वाटी फोडून बाहेर येतात, वाटीची माती होते, मागे काही उरत नाही. तिनं स्वयंपाकघरातच, चुलतीच्या इडलीपात्रात, पहिल्या चार वाट्या करून दाखवल्या. अनोखीबाईंनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, ते इडलीपात्र पुन्हा कधी वापरलं नाही आणि त्याबद्दल रिद्धीला क्षमाही केली नाही.

रिद्धीनं दोन गोष्टी बजावल्या. एक, खळीत थोडी बोरिक पावडर घालायची. कॅरमवर टाकतात तीच. नाहीतर स्टार्चला किडे लागणार. दुसरी, माल साठवून ठेवायचा नाही, जसा लागेल तसा करायचा.

शेठनी विचारलं, त्या पावडरीनं किड्याचं काय होतं.

“मरतो,” रिद्धी म्हणाली.

“मग नको. जे खाल्ल्यानं खाणारा मरतो, ते मी एकदा विकून बसलोय.”

रिद्धीनं बराच वेळ समजूत घातली. मग शांतपणे म्हणाली, “काकासा, प्लास्टिकला खाणारं कोणी नाही, म्हणून ते उरतं. याला खाणारे आहेत, म्हणून हे मातीत मिळतं. ते खाणारे आपल्या सोयीनं यायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा.”

शेठना यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य इतकं आवडलं की तिसरं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. पुढे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दोन वाक्यं ऐकवायचे. याला खाणारे आहेत, असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. कुणाच्या तरी पोटात जाऊन कुणाला मारत नाही असा माल आपल्या हातून होणार, यापेक्षा त्यांना दुसरं काही नको होतं. धंदा, नाव, नफा यांतलं काही नाही. ती पिवळी अक्षरं डोळ्यांसमोरून जावीत, एवढंच.

गावाबाहेर नाल्याकाठी पत्र्याची शेड उभी राहिली. एक धागा काढायचं यंत्र, एक साच्याचा प्रेस. कामाला डोंगरातल्या बायका आल्या आणि त्यांच्यात रेवाबाई सगळ्यांत पुढे. रेवाबाई धडगावच्या वरच्या पाड्यातली. दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायची आणि तिची मुलगी संध्या दरवर्षी शाळेतून अर्ध्यात उठायची. शेडचं काम मिळाल्यावर रेवाबाईनं शेडला लागूनच खोपटं बांधलं, राखणीचं कामही अंगावर घेतलं आणि संध्या पहिल्यांदा एक अख्खं वर्ष एकाच शाळेत बसली. केळीच्या चिकानं रेवाबाईची लुगडी काळी पडली. ते डाग कशानं जात नाहीत, पण ती कधी कुरकुरली नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर थोड्याच वाट्या झाल्या आणि त्या लगेच शहाद्याकडच्या हिलालच्या रोपवाटिकेत गेल्या. हिलाल म्हणजे बोलायला तिखट आणि मनानं सरळ माणूस. आधी त्यानं थट्टा केली, की शेठनी आता द्रोण-पत्रावळीचा धंदा धरला. महिन्याभरानं त्यानंच फोन करून बोलावून घेतलं. शेठ गेले. वाटीच्या तळातून पांढरी, दोऱ्यासारखी मुळं बाहेर आली होती. शेठ मातीत उकिडवे बसले आणि ती मुळं बोटानं न शिवता नुसते बघत राहिले. घरी येऊन त्यांनी अनोखीबाईंना ते दोनदा सांगितलं. ती गाय गेल्यापासून ते पहिल्यांदाच पोटभर जेवले, असं अनोखीबाई पुढे सांगायच्या.

पुढच्या हंगामाला हिलालनं सगळीच्या सगळी रोपं वाट्यांत लावायचं ठरवलं. आणि इथे शेठचा दुसरा नियम आडवा आला. चातुर्मासात यंत्र चालवायचं नाही. पावसात केळीचं खोड म्हणजे जीवांची वसाहत, गोगलगायी, अळ्या, गांडुळं. ते यंत्रात घालायचं म्हणजे कत्तलखानाच की. ते चार महिने शेड बंद. दिवाळीनंतर सुरू करावं तर एवढा माल वेळेत होणार नाही. तेव्हा शेठनी सरळ हिशोब केला: उन्हाळ्यातच सगळा माल करून ठेवायचा आणि पावसाळाभर शेडला जोडलेल्या गोदामात रचून ठेवायचा.

एकीकडे पावडर घालायची नाही, दुसरीकडे माल पावसाळ्यात साठवायचा. दोन्ही नियम दयेचे. दोन्ही एकाच गोदामात ठेवले तर काय होईल, हे कोणाही किराणावाल्याच्या नोकरानं सांगितलं असतं. पण शेठ वर्षानुवर्षं प्लास्टिक विकत आले होते. माल रचून ठेवला की तसाच राहतो, ही त्यांच्या हाडात मुरलेली समजूत होती. तिथेच ते फसले.

रेवाबाई आणि बाकीच्या बायकांनी उन्हाळाभर मान मोडून काम केलं. गोदाम छतापर्यंत भरलं. आषाढी चौदसेला शेठनी स्वतः दाराला कुलूप लावलं, हात जोडले आणि चार महिने धर्मध्यानाला मोकळे झाले.

पर्युषणाच्या आधी एका सकाळी रेवाबाई घरी आली. ती कधी घरी यायची नाही. ओट्याच्या खालीच उभी राहून ती म्हणाली, “शेठ, मझार काहीतरी खाई ऱ्हायनं. दारले कान लाईसन आयका.”

शेठ गेले. दाराला कान लावला. आतून बारीक करकर येत होती, सारखी, न थांबणारी, कोणी लांबवर कागद चुरगाळत बसल्यासारखी. कुलूप उघडलं तर दाराशी पिठाची रांगोळी. थप्प्यांवर तांबूस किडे फिरत होते, तांदळाच्या दाण्याएवढे. एक वाटी उचलली तर आत पांढऱ्या अळ्या. जिकडे बघावं तिकडे जीव. पाय ठेवायलाही जागा नव्हती. शेठ उंबऱ्यावर उभे राहिले, आत जाता येईना आणि दार लावता येईना, कारण दाराच्या फटीतही किडे होते.

अरिहंत धावत आला. त्यानं बघितलं आणि सरळ सांगितलं की धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या ठेवू, दारं-खिडक्या चिकटपट्टीनं बंद करू, निम्मा माल अजून वाचेल. शेठ नाही म्हणाले. मग निदान उन्हात घालू, भादव्याचं ऊन कडक पडतंय, किडे आपोआप निघून जातील. तेही नाही, कारण जे निघू शकत नाहीत ते आत भाजून मरतात. शेठच्या आईनं आयुष्यात कधी किडकं धान्य उन्हात घातलं नव्हतं. सावलीत पसरायची आणि वाट बघायची.

तेव्हा अरिहंतचा तोल गेला. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. “पप्पा, एका गाईसाठी तुम्ही माझं अर्धं दुकान बंद केलंत, मी बोललो नाही. आता या किड्यांसाठी हेही बंद करताय. तुमच्या दयेच्या यादीत माणसं कुठे येतात, तेवढं एकदा सांगा.”

शेठनी रेवाबाईकडे बघितलं. ती खोपटाच्या दारात बसून संध्याची वेणी घालत होती, बापलेकांचं मारवाडी बोलणं तिला कळत नव्हतं, तरी काय चाललंय ते सगळं कळत होतं. हा माल गेला तर तिला उसाला जावं लागणार होतं. शेठना तेही दिसत होतं आणि ते किडेही दिसत होते. दोन्ही एकाच वेळी दिसणं हाच त्यांचा रोग होता.

मग त्यांनी ती पुंजणी काढली.

गोदामाबाहेर पत्र्याच्या सावलीत सतरंजी टाकून शेठ आणि अनोखीबाई बसल्या जागी एकेक वाटी हातात घेऊन पुंजणीनं झटकायला लागले. अलगद, आतून, बाहेरून, कडेनं. खाली सुपात पडलेले किडे नाल्याकाठच्या केळीच्या कचऱ्यावर नेऊन सोडायचे, तिथे त्यांना खायला भरपूर. रेवाबाई आणि बाकीच्या बायकाही मदतीला बसल्या. तोंडाला मुँहपत्ती बांधलेले शेठ आणि शेजारी पदराचा बोळा नाकाला लावलेल्या भिलांच्या बायका, असा तो देखावा बघायला गावातली पोरंटोरं यायची आणि मोठी माणसं काहीतरी निमित्त काढून यायची. शेठना हसण्याचं काही वाटत नव्हतं. मालही वाचेल आणि जीवही वाचतील, असा रस्ता सापडल्यानं ते उलट उल्हासात होते.

एका दुपारी सूप रिकामं करायला ते स्वतः नाल्याकाठी गेले. कचऱ्यावर साळुंक्यांचा थवा उतरला होता. पाठीमागून कोंबड्याही आल्या होत्या. शेठनी सूप उपडं केलं न केलं तोच पाखरं त्यांच्या पायांशी येऊन टिपायला लागली. त्यांना सवय झाली होती. इतके दिवस सूप आलं की मेजवानी आली, हे त्यांना पाठ झालं होतं. शेठनी हातवारे करून हाकललं. ती दोन हात मागे सरली आणि परत आली. शेठ रिकामं सूप छातीशी धरून उभे राहिले. सोडलेल्या जिवांतला एकही जगला नव्हता, हे त्यांना कळून चुकलं. अनोखीबाईंना त्यांनी हे सांगितलं नाही. संवत्सरीला सगळ्यांशी खमतखामणा करताना, सगळ्यांची क्षमा मागताना, त्यांचा आवाज मात्र इतका लहान झाला की शेजारच्यालाही ऐकू गेला नाही.

दिवाळीपर्यंत वाट्या निवडून झाल्या. वरून चांगल्या दिसणाऱ्या बऱ्याच निघाल्या. अरिहंतनं त्यातली एक नखानं वाजवली आणि म्हणाला की आवाज पोकळ येतोय, भिंतीच्या आत पोखरलंय, देऊ नका. शेठनीही वाजवून बघितली. पोकळ आवाज त्यांनाही आला. पण रेवाबाई टेम्पोत थप्प्या लावत होती, संध्या खालून मोजून देत होती, आणि मुळं फुटलेली ती वाटी शेठच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्यांनी ती वाटी थप्पीत परत ठेवली आणि चांगली आहे असं म्हटलं. आयुष्यात जाणूनबुजून बोललेलं ते पहिलं खोटं.

हिलालनं बी टोचलं. रोपं उगवली, दोन पानं, चार पानं. आणि मग एका सकाळी त्याचा फोन आला, ताबडतोब या.

शेठ आणि रेवाबाई टेम्पोनं गेले. जाळीच्या शेडमध्ये वाफेच्या वाफे कोलमडले होते. रोजची ओल मुरून पोखरलेल्या भिंतींनी दम सोडला होता. वाटी उचलायला जावं तर हातात लगदा यायचा, माती ढासळायची आणि रोप उघड्या मुळांनी आडवं व्हायचं. त्या लगद्यात तांबूस ठिपके दिसत होते. शेठनी एक चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. किडा होता, मेलेला. भिंतीच्या आत राहिलेले सगळे हिलालच्या झारीच्या पाण्यात बुडून मेले होते. गोळ्या ठेवल्या नाहीत, उन्हात घातलं नाही, आणि पार शहाद्यापर्यंत आणून त्यांना असं मारलं.

हिलाल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शेठजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “शेठ, तुम्हना मनमा पाप नही शे, हाई माले माहीत शे. पन रोपले कोन सांगी? सांज व्हवाना आत या मरी जातीन. काया पिशव्या शेतस का तुम्हनाजोडे?”

शेठनी वाफ्यांकडे बघितलं. कोवळी पपई, पांढरी मुळं उन्हात उघडी पडलेली. तोही जीवच. पंचक्रोशीतल्या कितीतरी शेतांतली लागवड त्या रोपांवर होती. बाजारातून पिशव्या मागवायच्या तर दुसरा दिवस उजाडला असता. काळ्या पिशव्या जवळ होत्या त्या फक्त शेठकडे, करगोट्याला बांधलेल्या किल्लीच्या पलीकडे.

“शेतस,” शेठ हिलालच्याच बोलीत हो म्हणाले.

टेम्पो परत तळोद्याला आला. अरिहंत दुकानात होता. वडिलांना करगोट्याची किल्ली सोडताना बघून तो उठून उभा राहिला. कुलूप गंजलं होतं, त्यात गोडं तेल घालावं लागलं. आत थप्प्या जशा रचल्या होत्या तशाच उभ्या होत्या. शेठनी वरची धूळ फुंकली. खालची पिशवी काळीभोर, चकचकीत, कालच कारखान्यातून आल्यासारखी. इतके दिवस अंधारात पडून होती, पण एका किड्यानं तिला तोंड लावलं नव्हतं. शेठ गठ्ठा हातात धरून तसेच उभे राहिले. मग अरिहंतनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि टेम्पोत नेऊन ठेवला.

दुपारभर रोपवाटिकेत सगळे पिशव्यांत माती भरत बसले. शेठही बसले. रेवाबाई त्यांच्याकडे एकेक रोप द्यायची आणि ते मूळ सांभाळून आत उभं करायचे, एकही मूळ त्यांनी तुटू दिलं नाही. बरीच रोपं जगली. हिलालनं दोन्ही हात जोडले. शेठनी नियम मोडला होता आणि त्याबद्दल सगळे त्यांचे आभार मानत होते.

परतताना टेम्पोत रेवाबाईनं विचारलं, उद्या शेडवर यायचं का. शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नको येऊ, रेवाबाई.” ती बरं म्हणाली. त्याच आठवड्यात उशिरानं निघालेली ऊसतोडीची एक टोळी खापर गावावरून गुजरातेत गेली, तिच्यात रेवाबाई होती आणि शाळेचं दप्तर पोटाशी धरून संध्याही होती. खोपटाचा निळा कागद वाऱ्यानं फाटला आणि नाल्यात गेला.

दुकान अरिहंतनं परत पहिल्यासारखं भरलं. शेठनी ना अडवलं ना बोल लावला. लागवडीच्या दिवसांत ते पोतं घेऊन शेताशेतांतून हिंडायला लागले. शेतकरी रोप लावताना पिशवी ब्लेडनं फाडतो आणि बांधावर फेकतो. शेठ बांधाबांधानं त्या फाटक्या पिशव्या गोळा करायचे, घरी आणून धुवायचे आणि दुकानामागच्या खोलीत टाकून कुलूप लावायचे. कधी कोणी गडी दया येऊन चार वेचून द्यायचा. जास्त करून लोक हसायचे. वारा सुटला की पिशव्या त्यांच्या पुढे पळायच्या आणि ते खाली मान घालून, मुंग्या चुकवत, त्यांच्या मागे जायचे. सगळ्या मिळणं शक्य नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या पावसाळ्यात पांजरापोळीतली एक कालवड पोट फुगून गेली. शेठ चारा घालायला गेले तेव्हा ती पडून होती आणि पशुवैद्य हातमोजे घालून तयार होता. हा तोच डॉक्टर. त्याला शेठचा आग्रह पाठ होता, कारण कळलंच पाहिजे म्हणणारा तळोद्यात हा एकच माणूस. म्हणून त्यानं विचारलं ते नुसतं रीत म्हणून.

“शेठ, उघडून बघू ना?”

शेठ कालवडीजवळ बसले होते. त्यांनी तिच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला.

“नको,” ते म्हणाले. “म्हातारी होती.”

डॉक्टरनं एकदा कालवडीकडे बघितलं, एकदा शेठकडे, आणि हातमोजे काढून पिशवीत टाकले.